धक्का कोणी सोसायचा?

आपल्या घरांतून सोशिकपणाचे कौतुक फार. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना 'आमची मुलगी सोशिक आहे' असे सांगताना बापाचा आवाज थोडा वर चढतो. शिक्षकाच्या निरोप समारंभात 'त्यांनी आयुष्यात फार सोसले, पण कधी ब्र काढला नाही' हे वाक्य हमखास येते आणि त्यावर टाळ्याही पडतात. पृथ्वीला आपण क्षमेची मूर्ती मानले. वेदान्ताने साधकाला जी सहा साधने सांगितली, त्यांत तितिक्षेला, म्हणजे सुखदुःखाचे आघात शांतपणे सोसण्याला, मानाची जागा आहे. हे सगळे खरे आहे. परंतु सोसणे हा सद्गुण आहे असे एकदा ठरले, की पुढचे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. किती सोसायचे? कुठवर सोसायचे? आणि सर्वांत अवघड म्हणजे, सोसायचे कोणी?

हा विषय घेऊन बसल्यावर माझ्यासारख्या एम. ए. झालेल्या हेडमास्तराने उपनिषदांकडे वळावे, अशी वाचकांची अपेक्षा असणार. मी मात्र आज वाचकांना घेऊन गाडीखाली शिरणार आहे.

जोयडा तालुक्यातले आमचे नंदिगड्डे म्हणजे सुपारीच्या बागा, भोवती दाट रान आणि चार महिने धो धो पाऊस. डांबरी रस्ता सोडून वाडीकडे वळले, की लाल मातीचा घसरडा उतार, मग ओढा, मग दगडगोट्यांची चढण. असल्या वाटेवर नव्या गुळगुळीत गाड्यांचे काही चालत नाही. तिथे जुन्या जीपच्या बांध्याची, मागे हौदा असलेली, वेळ पडल्यास चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी पिकअपच लागते. सुपारीची पोती, खताच्या गोण्या, लग्नाचे वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सारे काही तिच्याच हौद्यातून जाते. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. त्या घराण्याच्या गाड्या आमच्या रानवाटांवर अजून टिकून आहेत.

ज्यांनी गाडीच्या खाली कधी डोकावून पाहिले नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चाक दगडावर चढले की वर उचलले जाते. चाक आणि गाडीचा सांगाडा एकमेकांना थेट जखडलेले असते, तर तो दणका जसाच्या तसा बसणाऱ्याच्या मणक्यात गेला असता. म्हणून दोहोंच्या मध्ये स्प्रिंग असते. ती दणका अंगावर घेते, वाकते आणि पुन्हा आपल्या जागी येते. तिचे दोन मुख्य प्रकार. एक पाट्यांचा: पोलादाच्या कमानदार पट्ट्या, मोठीखाली लहान अशा रचून मध्ये बोल्टने बांधलेल्या. दुसरा गुंडाळीचा: एकच जाड पोलादी सळई वेटोळे करून उभी ठेवलेली. परदेशातल्या चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांपैकी फोर्डच्या ब्रॉन्कोला १९६६ मध्ये पुढे गुंडाळ्या आल्या आणि १९७० च्या रेंज रोव्हरला तर चारही चाकांवर. आमच्या जुन्या जीपला मात्र पुढेही पाटे आणि मागेही पाटे.

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर अशीच एक पिकअप, डाव्या बाजूने नाक खाली घालून, तालुक्याच्या गावच्या एका गॅरेजात उभी होती. रस्त्याच्या मोडक्या कडेने जाते ते डावे चाक, त्यामुळे डावा पाटा बसला होता आणि त्याच्या मुख्य पट्टीला चीर गेली होती. मी माझ्या कामासाठी थांबलो होतो आणि पुढचा संवाद आपोआप कानांवर पडला.

मेस्त्री म्हणाला, "मालक, पुढची जोडी बदला."

बागायतदार म्हणाले, "उजवा चांगला आहे ना? मग चांगला कशाला टाकायचा? औंदा कोळेरोगाने निम्मी बाग झडली आहे, मेस्त्री. एकच घाला."

"एकच घातला तर नवा ताठ उभा राहील, जुना दबेल. गाडी तिरकी बसेल, ब्रेक मारला की एका अंगाला जाईल. आणि तुम्ही चांगला म्हणता तो उजवासुद्धा तेवढीच वर्षं धावलाय."

ड्रायव्हर बाजूला उभा होता. मेस्त्रीने विचारले, तेव्हा कुठे त्याने सांगितले की दोन वर्षे गाडी डावीकडे ओढते, म्हणून तो सुकाणू सतत उजवीकडे दाबून धरतो. रात्री खांदा दुखतो. मालक चकित झाले. "मग बोलला का नाहीस रे?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही, अण्णा."

मालक माणूस वाईट नव्हता. कोळेरोगाची त्याची अडचण खरी होती आणि शेवटी त्याने जोडी बदललीही. पण त्या दोन वाक्यांत या लेखाचा सगळा विषय आला आहे. धक्का कमी झालाच नव्हता. तो पाट्यावरून ड्रायव्हरच्या खांद्यावर गेला होता, आणि मागच्या बाकावर तो जाणवत नव्हता एवढेच. आपण ज्याला घरातली किंवा गावातली शांतता म्हणतो, ती कित्येकदा अशी कोणाच्या तरी खांद्यावर उभी असते.

आता पोलाद किती सोसते ते पाहू, कारण त्यात माणसाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. स्प्रिंगचा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सांगितला. १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची सरमिसळ करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडला. जितका भार तितका वाक, दुप्पट भाराला दुप्पट वाक. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना हे पाठ असते. परंतु याच नियमाला एक मर्यादा आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. एका हद्दीपर्यंत पोलाद वाकून परत येते. हद्द ओलांडली, की भार काढून घेतला तरी ते पूर्वीच्या आकारावर येत नाही. मेस्त्री त्याला 'पाटा बसला' म्हणतात. बसलेला पाटा मोडलेला नसतो, कामही करत असतो, पण त्याची उंची कायमची गेलेली असते. अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती कुरकुर करत नाहीत. त्यांच्यातून परत वर येणेच गेलेले असते, आणि आपण त्यांना सोशिक म्हणतो.

दुसरी गोष्ट अधिक धक्कादायक आहे. एकोणिसाव्या शतकात आगगाड्यांचे आस अचानक मोडत. एकाही वेळी त्यांच्यावर फार मोठा भार आलेला नसे. ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले, की एका दणक्यात जे पोलाद सहज टिकते, तेच त्याहून पुष्कळ लहान दणके लाखो वेळा बसले तर तुटते. पृष्ठभागावर कुठे ओरखडा किंवा गंजाची खळगी असेल, तिथे सूक्ष्म चीर पडते आणि दर हेलकाव्याला ती केसभर पुढे सरकते. मात्र वोलरला आणखीही एक गोष्ट आढळली. एका पातळीखालचा भार असेल, तर पोलाद तो जणू अमर्याद वेळा सोसते. म्हणजे 'माणसाला किती मोठे दुःख सोसवते' हा आपला नेहमीचा प्रश्नच अपुरा आहे. मोठी दुःखे माणसे सोसतात. रोजचे ओझे त्या पातळीच्या खाली आहे की किंचित वर, यावर आयुष्याचा निकाल लागतो. किंचित वर असेल, तर दिवस मोजलेलेच असतात.

त्याच गॅरेजात एका मारुतीचेही काम चालले होते. तिला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा. गुंडाळी बदलायची तर ती आधी आवळावी लागते. समोरासमोर दोन आकडे लावायचे आणि त्यांचे लांब स्क्रू आळीपाळीने, सारखे फिरवत न्यायचे. आवळलेली गुंडाळी बाहेरून अगदी शांत दिसते. परंतु आकडा निसटला तर ती समोरच्याचा जीवही घेऊ शकते, म्हणून जाणता मेस्त्री तिच्यासमोर तोंड नेत नाही आणि शिकाऊ पोराला बाजूला उभे करतो.

इथे मला आपल्या भाषेतला एक घोटाळा स्पष्ट दिसला. गाडीखाली धावताना वाकणारी स्प्रिंग आणि आकड्यांनी आवळून ठेवलेली स्प्रिंग, दोन्ही दबलेल्या असतात. पहिली धक्का सोसते आहे, ती हलते, वाकते, परत येते. दुसरी काहीच सोसत नाही, तिला फक्त परत येऊ दिलेले नाही. आपण दोहोंना एकच विशेषण लावतो. सोसणे आणि दडपले जाणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तितिक्षेची जी व्याख्या परंपरेने दिली, तिच्यातही प्रतिकार न करण्याबरोबर चिंता आणि विलाप नसणे ही अट आहे. आतून जळत गप्प बसलेल्या माणसाला ती व्याख्या लागू पडत नाही. तो आवळलेला आहे, आणि आकडा निसटल्यावर समोर जो उभा असेल त्याचे काही खरे नाही. बहुधा तिथे घरातले सर्वांत लहान मूल उभे असते.

गुंडाळीला आणखी एक सोबती लागतो, तो म्हणजे शॉकअप. एकटी गुंडाळी दणका साठवते आणि परत देते, पुन्हा साठवते, पुन्हा देते, गाडी डुलतच राहते. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून दाबले जाते आणि तो हेलकावा उष्णतेत जिरवते. आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर ओव्या म्हटल्या, विहिरीवर शेजारणीपाशी मन मोकळे केले, ते हेच काम होते. त्याची थोरवी मी कमी लेखत नाही. पण शॉकअप कितीही चांगला असला तरी रस्त्यातला दगड तो हलवत नाही. ओवीने सासुरवास सुसह्य झाला, संपला नाही. आणि आता जाते गेले, विहिरीवरची गर्दी गेली, दगड मात्र आहेत तिथेच आहेत.

पाट्यांचे वेगळे. त्यांत पट्ट्या अनेक, एकमेकींवर घासतात, आणि त्या घासण्यातच हेलकावा बराचसा जिरतो. आमच्या जिल्ह्याचे सामाजिक जीवन मला या पाट्यांच्या जुडग्यासारखे वाटते. माझ्या शाळेत फळ्यावर कन्नड असते, पटांगणावर कोकणी आणि कित्येक मुलांच्या घरी मराठी. भाषा एकमेकींना घासतात. घासू द्यावे, त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते पट्ट्यांच्या मध्ये गंज धरतो तेव्हा. मग सगळे जुडगे एकच जाड कांब होते, वाकणे थांबते आणि प्रत्येक दणका वर पोचतो. अधूनमधून पट्ट्या सोडवून, साफ करून, तेलपाणी करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

परंतु घासण्यातही वाटा सारखा हवा. वाचकांनी आपल्याच घरात एकदा पाहावे. घरात दोन भाषा असतील, तर पाहुणा आला, मुलगा रागावला, सासूबाई बोलायला लागल्या, की भाषा कोण बदलते? बहुतेक घरांत ते काम वर्षानुवर्षे एकच माणूस करत असतो. तो इतक्या सफाईने करतो की बाकीच्यांना वाटते, आपल्या घरात भाषेचा प्रश्नच नाही. कुणबी वाडीवरून येणारे पोर शाळेच्या घंटेआधी दोन वेळा भाषा बदलते आणि आपण त्याला 'शांत मुलगा' म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगी दहावीत, मुलगा तिच्याहून मोठा, बाहेरगावी वसतिगृहात. आई आजारी पडली होती आणि घर चालवायला मुलीला शाळेतून काढायचे होते. म्हणाले, "मास्तर, पोर सोशिक आहे. तिला काही वाटणार नाही."

मी विचारले, "तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं?"

मी मुलीला बोलावले. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग बापाला म्हणाली, "आबा, दादाला सांगितलं का तुम्ही?" त्यात तक्रार नव्हती, साधी चौकशी होती. पण आबांना उत्तर देता येईना, कारण मुलाला काही सांगावे हे त्यांच्या मनातच आले नव्हते. पुढे जे ठरले ते काही फार थोर नव्हते. शनिवारी-रविवारी भावाने घरी यायचे आणि घरातले सगळे करायचे, मुलीने ते दोन दिवस अभ्यास करायचा, आठवड्यात एक मावशी राहायला यायची. भावाला जड गेले. मुलगी परीक्षेला बसली. आईचे दुखणे कोणी हलके केले नाही, ओझे तेवढेच राहिले, फक्त ते जोडीवर आले.

येथे कोणी विचारील, म्हणजे दुसऱ्यासाठी सोसूच नये की काय? आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात याचे उत्तर आहे. १९३० मध्ये अंकोल्यात मिठाचा सत्याग्रह झाला. त्यानंतरच्या करबंदीत अंकोला आणि सिद्दापूर भागातल्या शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले आणि त्यांच्या जमिनी जप्त झाल्या. त्या कुटुंबांनी जे सोसले ते आपल्या वर्णनापलीकडचे आहे. पण ते त्यांनी स्वतः उचलले होते, कशासाठी ते त्यांना माहीत होते, आणि तो दगडच रस्त्यातून काढायचा म्हणून उचलले होते.

त्याच जिल्ह्यात काळी नदीवर सुपा धरण झाले. उंची १०१ मीटर, १९८७ मध्ये पूर्ण. जुने सुपा गाव तालुक्याचे ठिकाण होते, ते पाण्याखाली गेले. कचेरी जोयड्याला आली, कित्येक कुटुंबे रामनगरला जाऊन वसली. वीज दूरदूर पोचली, आणि ती नको होती असे मी म्हणणार नाही. तरीही तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर त्यानंतर वर्षानुवर्षे चिमणीच जळत राहिली. या लोकांनीही सोसले, पण त्यांच्या वतीने ते दुसऱ्यांनी ठरवले. दोन्ही ठिकाणी सोसणे आहे, त्याग हा शब्दही आपण दोन्हीकडे वापरतो. माझ्या मते पहिल्या ठिकाणीच तो शोभतो. दुसऱ्या ठिकाणी त्याग म्हणणे म्हणजे ज्याचे घर बुडाले त्याच्याकडून हार घालून पावती घेणे आहे.

स्प्रिंगचा दृष्टान्त इथवरच नेता येतो. स्प्रिंगला कोणी विचारत नाही आणि विचारण्याची गरजही नाही, ती त्याच कामासाठी ओतलेले पोलाद आहे. माणूस मात्र कोणाच्या तरी सोयीसाठी गाडीखाली बसवायला जन्मलेला नसतो. त्याने धक्का स्वतः घेतला तर तो त्याचा मोठेपणा. त्याच्याकडून न विचारता घेववला तर तो वर बसलेल्याचा हिशेब, आणि सोशिकपणाच्या प्रशस्तिपत्राने तो फिटत नाही.

मेस्त्रीने पाटे बसवताना एक गोष्ट केली ती मला फार आवडली. नवी जोडी लावून यू-बोल्ट आवळले, पण पाट्याच्या टोकांचे, रबरी बुशांचे बोल्ट त्याने ढिलेच ठेवले. गाडी जमिनीवर उतरवली, भार चाकांवर येऊ दिला, आणि मग शेवटचा आवळा दिला. म्हणाला, हवेत टांगलेली असताना आवळले तर भार आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. घरातल्या, शाळेतल्या, गावातल्या व्यवस्था आपण बहुधा हवेतच आवळतो. ज्याच्यावर भार येणार तो खाली उतरून उभा राहण्याआधीच नियम पक्के झालेले असतात.

म्हणून सोशिकपणाचा उपदेश मी आता मुलांना करत नाही. तो करण्याची गरजच नसते, ज्यांना सोसावे लागते ती मुले घरूनच शिकून येतात. उपदेश करायचाच, तर ज्यांना धक्के बसत नाहीत त्यांना करावा, आणि त्यात मी हेडमास्तर म्हणून स्वतःलाही धरतो. आपला प्रवास जर फार सुखाचा चालला असेल, तर मधून मधून खाली उतरावे, कमरेत वाकावे आणि कोण दबले आहे ते पाहावे. मग त्याला विचारावे. त्याने आपणहून सांगण्याची वाट पाहू नये.